वैशाखातला अंधार

मंगळवार, रात्र

पुण्याहून अत्तराच्या कुप्या आल्या. जळगावात पारा ४३ च्या पुढे, आणि कुरिअरवाल्याच्या हातातलं पाकीट इतकं तापलेलं की लगेच उघडलंच नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवून दिलं. प्रवास करून आलेल्या अत्तराला थोडं निवू द्यावं, असं हे बनवणारेच सांगतात. आपल्याकडच्या उन्हात तर ते पाळायलाच हवं.

पुण्यातली मैत्रीण परदेशातल्या लहान, स्वतंत्र अत्तरकारांकडून बाटल्या मागवते आणि आमच्यासारख्यांना मिलिलिटर-मिलिलिटर वाटून देते. या वेळी तिला एवढंच सांगितलं होतं, की गॉथिक असेल ते पाठव. पडकी चर्चं, कबरस्तानं, विझलेल्या मेणबत्त्या, वटवाघळं, कुलूपबंद वाडे. ताजं, स्वच्छ, प्रसन्न असं काही नको. दुकानातल्या काचेच्या कपाटात तेच भरलेलं असतं, आणि दरवेळी मला वासानं प्रसन्न व्हायचं नसतं. कधी कधी नुसतं आत, खोल जाऊन बसायचं असतं. मोठ्या कंपनीला एकच वास लाखो लोकांच्या गळी उतरवायचा असतो, म्हणून ती ओल्या दगडाच्या वाटेला जात नाही. एकदोन माणसांचं घरगुती काम असेल तर ती जातात. मला या माणसांबद्दल फार माया वाटते.

आज फक्त झाकणं उघडून हुंगलं. लावलं काहीच नाही.

बुधवार

पहिली कुपी, ब्लॅक फिनिक्स अल्केमी लॅबचं 'कॅथीड्रल'. लॉस एंजेलिसची ही मंडळी, २००२ पासून काम करतात. गॉथिक अत्तरांच्या जगात त्यांचं नाव आधी येतं. त्यांची अत्तरं तेलातली, अल्कोहोल नाही. हे मला फार सोयीचं पडलं. फवारायचं अत्तर इथे मे महिन्यात पहिल्या पाच मिनिटांत वरच्यावर उडून जातं. तेल कातडीला धरून राहतं, हळूहळू बोलतं.

'कॅथीड्रल' म्हणजे नुसते डिंक आणि राळा. जुन्या चर्चमध्ये रेंगाळणारा धूपाचा धूर, असं त्यांचं म्हणणं. मनगटावर लावल्यावर आधी लिंबाच्या सालीसारखं काहीतरी तीक्ष्ण, मग मिरी, मग बराच वेळ धूर. मी युरोपातलं चर्च आतून पाहिलेलं नाही. मला चर्च दिसलंही नाही.

मोठी माय पलंगावरून उठून बसली आणि इकडेतिकडे पाहत अहिराणीत म्हणाली, "ऊद कोनी लावा?"

तिनं एका वाक्यात मला जागेवर नेऊन बसवलं. धाकटीच्या वेळची बाळंतिणीची खोली. खिडक्या लावलेल्या, पडदे सोडलेले, शेगडीवर ओवा आणि ऊद, आणि त्या धुरीवर धरलेलं बाळाचं ओलं जावळ. बाहेर ऊन पेटलेलं आणि आत संध्याकाळ. हा वास मला भीतीचा कधी वाटलाच नाही. तो जपलं जाण्याचा वास आहे.

चर्चमध्ये जाळतात तो धूप अरबस्तानात आणि आफ्रिकेच्या शिंगाकडे उगवणाऱ्या बॉस्वेलियाच्या झाडांचा. त्याच कुळातली सालई आपल्या सातपुड्यात आहे. यावलच्या जंगलात उन्हाळ्यात पानं झडलेली सालई उभी असते, सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटलेले. तिच्या खोडाला चीर दिली की डिंक पाझरतो, तोही धूपच. 'कॅथीड्रल' लावून मी दुपारभर त्या उघड्या झाडांचाच विचार करत होते. ही कुपी संपली की मोठी बाटली घ्यायची, हे आत्ताच ठरलं.

गुरुवार

डेमीटरचं 'डर्ट'. म्हणजे माती. हे गॉथिक म्हणून बनवलेलं नाही, पण कबरीचा वास हवा असणारे हटकून याच्याकडे वळतात. १९९६ मध्ये न्यू यॉर्कला सुरू झालेल्या या घराच्या अगदी पहिल्या वासांपैकी हा एक.

मातीचा वास ज्याच्यामुळे येतो त्या द्रव्याला जिओस्मिन म्हणतात. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू ते तयार करतात. माणसाचं नाक याच्या बाबतीत विलक्षण तीव्र आहे, लाख कोटी भागांत पाचदहा भाग असले तरी कळतं. बिटाला मातकट चव येते तीही त्याच्यामुळे. पहिल्या पावसाच्या वासावर १९६४ मध्ये बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी लिहिलं, तेव्हा आपल्याकडच्या मिट्टीच्या अत्तराचा उल्लेख त्यांना करावा लागला होता. कनौजचे लोक तो वास कधीचाच पकडून बसले होते. भाजलेली माती तांब्याच्या डेगेत पाण्याबरोबर चढवायची, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती गार होऊन साठते त्या भांड्यात, उतरवायची, आणि भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल.

'डर्ट' हुशारीनं केलंय. कुंडीतली नुकती पाणी दिलेली माती, अगदी हुबेहूब. पण वास पुढे कुठे जात नाही. अर्ध्या तासात कुंडीच राहते.

रविवार

आज भुसावळला काकांकडे काम होतं. ते उरकून जुन्या युरोपियन कबरस्तानात गेले. रॉबर्ट गिल इथे पुरलेला आहे. १८४४ मध्ये कंपनी सरकारनं त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं, आणि त्यानं आयुष्यच तिथे घातलं. त्याच्या नकला लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या, आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. तो १८७९ च्या एप्रिलमध्ये गेला. म्हणजे असल्याच उन्हात.

जाताना मनगटावर मुद्दाम 'डर्ट' लावलं होतं. कबरीचा वास कबरीजवळ कसा लागतो ते पाहायचं होतं. लागलाच नाही. तिथे वाळकं गवत, तापलेला दगड, धूळ आणि कुठूनतरी येणारी कडुनिंबाची झुळूक. ओल नावाची गोष्ट नाही. काळ्या मातीला भेगा पडलेल्या, त्या भेगांत नाक घातलं तरी कोरडाच वास येईल. मनगट मात्र ओल्या कुंडीची गोष्ट सांगत होतं.

परतीच्या गाडीत खिडकीतून झळा येत होत्या आणि मनात एक गोष्ट हळूहळू नीट बसत गेली. ही अत्तरं जिथे जन्मली तिथे अंधार थंड असतो, ओला असतो, बोचतो, म्हणून तिथल्या कल्पनेत तो भयाचा. आमच्याकडे चैत्र-वैशाखात भय उजेडाचं असतं. दुपारी बारानंतर रस्ते ओस पडतात, डोक्याला रुमाल गुंडाळल्याशिवाय कुणी बाहेर निघत नाही, दारंखिडक्या लावून माणसं जमिनीवर आडवी होतात. आम्ही अंधाराकडे धावतो. मला हे वास का हवेसे वाटतात, ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकले नव्हते. लोकांना वाटतं काहीतरी उदास आहे हिच्या मनात. उदास नाही. मला गारवा हवा असतो.

मंगळवार

आज 'नाइट फ्लायर'. याच्यासाठी मी थांबले होते.

एलन कोव्ही या बाई सिअ‍ॅटलच्या. वटवाघळं आवाजावरून अंधारात वाट कशी काढतात यावर त्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात संशोधन केलंय. ऑर्किड वाढवतात, ऑलिंपिक ऑर्किड्स या नावानं अत्तरं करतात. टोरांटोच्या झूलॉजिस्ट या अत्तरघरासाठी त्यांनी २०१५ मध्ये 'बॅट' केलं, ते गाजलं, पुढच्या वर्षी त्याला आर्ट अँड ओल्फॅक्शनचा पुरस्कार मिळाला. झूलॉजिस्टनं नंतर 'बॅट' दुसऱ्या अत्तरकाराकडून नव्यानं करून घेतलं, आणि कोव्हीबाईंनी आपलं मूळचं 'नाइट फ्लायर' म्हणून स्वतःकडे ठेवलं. फळं खाणाऱ्या वटवाघळाची गुहा, असा विषय.

झाकण उघडलं आणि केळं. पिकून काळं पडायला आलेलं केळं. त्याच्या मागून ओली माती, मग चुन्यासारखा दगड, मग मुळं, आणि तळाशी केसाळ, उबदार, कातडी असं काहीतरी. मी सरळ उठून यावलला मामांना फोन लावला आणि विचारलं, बागेत पाणी कधी आहे? ते म्हणाले, "ये ना, विचारतेस काय."

केळीचा मळा वैशाखातल्या दुपारी ज्यानं पाहिला नाही त्याला हे अत्तर अर्धंच कळेल, असं मी ठामपणे म्हणते. बाहेर शेवरीचं कुंपण, उष्ण वाऱ्यानं पानं फाटू नयेत म्हणून लावलेलं. ते ओलांडून दोन पावलं आत गेलं की ऊन संपतं. वर पानांचं छत, खाली ठिबकनं भिजलेली माती, कापलेल्या खोडांतून पाझरणारं पाणी, आणि मागच्या कापणीचे बुंधे तिथल्या तिथे कुजत पडलेले. गोड आणि कुजकट यांची सीमा कुठे आहे ते सांगता येत नाही. डोळे त्या हिरव्या काळोखाला सरावायला वेळ लागतो. पीलबागेत, म्हणजे कापणीनंतर पिलांवर धरलेल्या बागेत, तर भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटतं. मी तिथे बांधावर बसून मनगट नाकाशी धरलं, मग खाली घेतलं, परत धरलं. मधल्या पायरीवर, म्हणजे साधारण तासाभरानं, मनगट आणि मळा यांत फरक उरला नाही. सिअ‍ॅटलच्या बाईंना रावेर-यावल माहीत असण्याचं कारण नाही. तरी त्यांनी वटवाघळाच्या मागे मागे जाऊन नेमका हा काळोख गाठला, आणि मला त्यांच्याबद्दल जे वाटलं ते कृतज्ञतेहून कमी नव्हतं.

मामांनी हुंगलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रात्री पाण्याची पाळी असली का असा वास येतो. दिवसा नाही येत एवढा." ते बरोबर आहे. हे रात्रीचंच अत्तर आहे.

एक उणीव लिहायला हवी. वटवाघळांच्या गुहेचा खरा वास नाकात झोंबतो. अजिंठ्याला काळोख्या कोपऱ्यात गेलं की डोळ्यांत पाणी येतं तो उग्रपणा. तो यात नाही. कोव्हीबाईंना तो नक्कीच माहीत असणार, त्यांनी ठरवून गाळला असेल. मला तो चिमूटभर चालला असता.

शुक्रवार

उरलेल्यांबद्दल थोडक्यात. रक्तपिपासू उमरावांच्या नावाची बरीच आहेत. त्यांत काळा गुलाब, चामडं, बर्चच्या डांबराचा धूर, लाल दारू. मला जमली नाहीत. कातडीवर जड बसतात आणि घामात गुलाब आंबट होतो. डिसेंबरात परत पाहीन.

पॅचौलीचं एक बरं निघालं. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपात जायच्या त्या कसर लागू नये म्हणून पॅचौलीच्या पानांत घालून. तिथल्या बायकांच्या नाकात मग हा वास शालींचा आणि पेटाऱ्यांचा म्हणून बसला. माळ्यावरच्या ट्रंकेचा भास त्यातूनच येतो.

वाळा मात्र जवळजवळ प्रत्येक कुपीत. थडग्याखालची मुळं दाखवायची, घाला वाळा. पडका वाडा, घाला वाळा. त्यांच्याकडे वाळा भूत आहे. आमच्या माठात त्याची जुडी पडलेली असते, कूलरच्या जाळीत तोच, आणि पाणी सुटलं की सगळ्या घराला हायसं वाटतं. मी हुंगते आणि मान आपोआप मागे टेकते.

रविवार, पहाटे

झोप लागेना म्हणून लिहायला बसले. काल चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांच्या घरी जाऊन आले, आणि तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय.

मूस यांचा जन्म १९१२ चा. पंजाब मेल धावायला लागली तेही त्याच वर्षी. जवळपास पन्नास वर्षं हा माणूस घराबाहेर क्वचितच पडला. प्रेयसीनं मेलनं येईन असं म्हटलं होतं, म्हणून ते रोज त्या गाडीची वाट पाहत, असं सांगतात. स्टेशन तिथून जवळच. १९८९ मध्ये गेले तेव्हाही वाट पाहणं संपलेलं नव्हतं. एवढ्या काळात त्यांनी टेबलावर छोटे छोटे देखावे मांडून, उजेड-सावली हवी तशी वळवून छायाचित्रं काढली. खरी वाटतात, आणि सगळी घरात बसून केलेली.

मला हा वास कुणीतरी करायला हवाय. आमच्या खान्देशाचं गॉथिक हेच असेल. सागवानी कपाटं. जुना कागद. वाळ्याच्या ताट्यांवर मारलेलं पाणी. स्टेशनावरून येणारा वाफेच्या इंजिनाचा कोळशाचा धूर. आणि मधोमध अंधारखोली. फोटो पक्का करणारा हायपो, ॲसेटिक ॲसिड, लाल दिव्याखाली ओले कागद. ज्या अंधारात चित्र उमटतं तो अंधार.

पुण्याच्या मैत्रिणीला रात्रीच लिहिलं. तिचं उत्तर आलंय, तू स्वतः सुरुवात कर, मी शिकवते. तेव्हा उद्या कनौजला मागणी पाठवते. वाळ्याचं तेल, नागरमोथा, आणि कोळशाच्या धुरासाठी चोया लोबान. लोबान भाजून काढलेलं ते काळं तेल, एक थेंबसुद्धा जास्त झाला तर बाकी सगळं गिळून टाकतं म्हणे, म्हणून आधी सुई बुडवून कागदावर. सालईचा डिंक मामा यावलच्या बाजारातून पाहून ठेवणार आहेत. हायपोसाठी काय वापरायचं ते अजून सुचलेलं नाही.