एकीचं सासर गुडगाव, दुसरीचं शिआन

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या तालुक्याचे एक डॉक्टर फाट्यावर अडकले. गाडी ती नवी, खेळण्यासारखी दोन दारांची, विजेवर चालणारी एमजी कॉमेट. कुणीतरी कुंपणासाठी बाभळीच्या फांद्या रस्त्यानं ओढत नेल्या होत्या, त्यातला एक काटा पुढच्या चाकात पार आत शिरलेला.

"मिस्त्री, या गाडीला स्टेपनी येतच नाही," डॉक्टर आधीच ओशाळून म्हणाले.

काटा काढून रबराची वात भरायला दहा मिनिटं पुरतात. पण चाक फिरवताना टायरवरचे आकडे दिसले आणि मी उकिडवा बसलो होतो तसाच राहिलो. १४५/७० आर १२. माझ्या पाठीमागे कडुनिंबाला टेकवून ठेवलेल्या टायरवरही हेच आकडे होते. तो टायर मारुती ८०० चा. तीस वर्षं मी हे माप पाहतोय, पण बिनइंजिनाच्या गाडीच्या चाकावर कधी दिसेल असं वाटलं नव्हतं.

"डॉक्टरसाहेब, हे तर आठशेचं माप आहे!"

त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. पैसे दिले, गेले. माझं डोकं मात्र तिथंच अडकलं.

(नवीन वाचकांसाठी : हा ब्लॉग मी बोलतो, फोन टाइप करतो आणि माझी मुलगी ऱ्हस्व-दीर्घ तपासते. ती यवतमाळच्या पॉलिटेक्निकला आहे. मजकुरात वऱ्हाडी शब्द उरला तर तो तिनं मुद्दाम ठेवला आहे असं समजा.)

रात्री मुलीनं शोधून सांगितलं की कॉमेट बनते गुजरातेत हालोलला, पण तिचं मूळ चिनी, वुलिंग कंपनीच्या एअर नावाच्या गाडीचं. तिथून चिनी गाड्यांचे व्हिडिओ एकामागे एक सुरू झाले. मी जेवत होतो, पाठ फोनकडे. एका व्हिडिओत कुणीतरी जुनी गाडी सुरू करत होता. दोनदा स्टार्टर नुसता फिरला, तिसऱ्यांदा इंजिन लागलं आणि माझा हात ताटातच थांबला.

"आठशे आहे हे."

"बाबा, हा चीनचा व्हिडिओ आहे."

"असन. पन इंजिन आठशेचंच हाय."

तीन सिलिंडरचा आवाज चार सिलिंडरसारखा गुळगुळीत नसतो. तो थोडा लंगडत चालतो, आणि आयडलला आठशेचं बॉनेट जसं थरथरतं तसं दुसऱ्या कुणाचं थरथरत नाही. मी उठून पाहिलं. समोरचा चेहरा, दिवे, काचा, सगळं ओळखीचं. फक्त स्टिअरिंग डावीकडं आणि मागे चिनी अक्षरं.

मग पुढचे पंधरा दिवस रात्री हेच चाललं. मुलगी वाचायची, मी ऐकायचो.

आपल्याकडची, म्हणजे गुडगावच्या मारुतीची, गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली दिली. ती पहिली बॉडी चौकोनी होती. १९८६ ला गोलसर, पाच दारांची नवी बॉडी आली, म्हणजे सुझुकीची दुसऱ्या पिढीची अल्टो. मी १९९१ साली कामाला लागलो तेव्हा हीच शिकलो. इंजिन एफ८बी, ७९६ सीसी, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ७२. हे आकडे मला माझ्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्के पाठ आहेत, आणि हे वाक्य मुलीनं काढून टाकू नये.

मला ठाऊक नव्हतं ते हे, की सुझुकीनं हीच दुसरी अल्टो चीनलाही दिली होती. आणि दिली कुणाला, तर बंदुका-दारूगोळा बनवणाऱ्या सरकारी कारखान्यांना! लढाईची कामं कमी झाली तेव्हा चीन सरकारनं या कारखान्यांना लोकांच्या वापराच्या वस्तू बनवायला लावलं. भद्रावतीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीला कुणी म्हटलं असतं की बाबांनो, आता गोळे पुरे, उद्यापासून आठशे बनवा, तर कसं झालं असतं? तिकडं तसंच झालं. छोंगछिंगची चांगआन, हुनानमधली जियांगनान, शिआनची छिनचुआन, अशा कारखान्यांतून नव्वदच्या दशकात आठशेच्या सख्ख्या बहिणी बाहेर पडू लागल्या. चिनी लोक तिला 'आओतुओ' म्हणायचे. छोंगछिंगच्या चढ-उतारांवर ती टॅक्सी म्हणूनही पळाली. तिथल्या इंजिनाचं नाव ३६८क्यू. मुलगी म्हणाली, त्यांच्या पद्धतीत पहिला आकडा सिलिंडरचा, पुढचे दोन बोअरचे. तीन सिलिंडर, अडुसष्टचा बोअर. इंजिनाच्या नावातच बोअर लिहून ठेवणारी माणसं मला पहिल्या झटक्यात आवडली.

यातल्या शिआनच्या बहिणीची गोष्ट सांगण्यासाठी हा सगळा खटाटोप.

छिनचुआननं २००१ च्या सुमारास अल्टोच्याच सांगाड्यावर नवा पत्रा चढवून एक छोटी हॅचबॅक काढली. नाव फ्लायर. फोटोत पाहिली तर चेहरा वेगळा, पण खिडक्यांखालची रेषा न्याहाळली की आपली पोरगी मेकअपमधून ओळखू येते तशी ओळखू येते. खपली बेताचीच. कारखान्याची अवस्थाही यथातथाच होती.

तिकडं दूर दक्षिणेला, शेनझेनमध्ये, वांग चुआनफू नावाचा रसायनशास्त्राचा माणूस बॅटऱ्या बनवत होता. १९९५ ला भावाकडून पैसे उचलून वीसेक माणसांनिशी सुरू केलेली कंपनी, बीवायडी. जपानी कंपन्यांची स्वयंचलित यंत्रं परवडत नव्हती, म्हणून त्यानं काम तोडून तोडून सोपं केलं आणि यंत्राच्या जागी माणसं बसवली. मोबाइलच्या बॅटऱ्या नोकिया-मोटोरोलाला विकून मोठा झाला. २००२ ला हाँगकाँगच्या बाजारात शेअर आला. आणि लगेच जानेवारी २००३ ला या गड्यानं शिआनच्या त्या कारखान्याचा ७७ टक्के हिस्सा विकत घेतला. शेअर धाडकन खाली आला. बॅटरीवाल्यानं मोटार कशाला बनवावी, हा सगळ्यांचा प्रश्न.

मला मात्र ते चटकन समजलं. दारव्हा-कारंजा रस्त्यावर काळीपिवळी चालवणाऱ्यांत मी उभा जन्म काढला. एखादा माणूस गंजकी, मजला सडलेली जीप चाळीस हजाराला घेतो तेव्हा नवखा हसतो. जाणकार विचारतो, "परमिट हाय काय संगं?" चीनमध्ये मोटार बनवण्याचा परवाना नव्या माणसाला सहज मिळत नव्हता. छिनचुआनकडं तो होता. वांगसाहेबांनी परमिट घेतलं, फ्लायर त्यासोबत आली.

म्हणजे आज जगभर विजेच्या गाड्या पाठवणाऱ्या बीवायडीच्या नावानं विकली गेलेली पहिली मोटार आमच्या आठशेची सख्खी नातेवाईक. हे ऐकलं त्या रात्री मी बाहेर जाऊन माझ्या गाडीवरची ताडपत्री नीट केली. १९९७ ची आहे, एका जिनिंगवाल्या शेठकडून घेतलेली. पंधरा वर्षांनंतरचं पासिंग एकदा केलं, दुसऱ्यांदा पैसे नव्हते, म्हणून उभी आहे.

पुढं त्यांनी स्वतःची नवी हॅचबॅक करायला घेतली, कामाचं नाव ३१६. तयार झाली, डीलरांना दाखवली, त्यांनी नाकं मुरडली. मग वांगसाहेबांनी स्वतः हातोडा घेऊन ती गाडी फोडली, अशी गोष्ट सांगतात. खरं-खोटं शिआनच्या भिंतींना ठाऊक. गाडी बाजारात आली नाही एवढं नक्की. मी हातोड्याची गोष्ट माझ्या हाताखालच्या पोराला सांगितली तर तो म्हणाला, "येडा होता काय थो? पार्ट तं काढून घ्याचे." याला म्हणतात गॅरेजचं शिक्षण.

पाठोपाठ २००५ ला एफ३ आली, डिकीवाली, टोयोटा कोरोलाच्या वळणाची. इतकी त्या वळणाची की काही गिऱ्हाइकं म्हणे बीवायडीचा बिल्ला काढून टोयोटाचा लावून घ्यायची. ती धो धो खपली. २००८ ला पुन्हा छोटी हॅचबॅक, एफ०. चेहरा थेट टोयोटाच्या आयगोचा, पण इंजिन स्वतःचं, ३७१क्यू, ९९८ सीसी. आता तुम्हीच नाव वाचा. तीन सिलिंडर, एकाहत्तरचा बोअर. अडुसष्टावरून एकाहत्तर. बोअर तीन मिलिमीटर पुढं सरकला आणि मधल्या पाच वर्षांत ही माणसं कुठून कुठं गेली.

नक्कल केली म्हणून आपण हसतो. मीही हसलो. पण एफ० चं उघडलेलं इंजिन व्हिडिओत पाहिलं तेव्हा हसू गेलं. मी आठशेची शेकडो इंजिनं खोलली, रिंगा बदलल्या, बोअर मारून आणले, हेड घासून आणले. प्रत्येक वेळी जसं होतं तसं परत बसवलं. तेच माझं काम होतं आणि ते मी चोख केलं. खोलताना हे दुसऱ्या रीतीनंही करता येईल असं डोक्यात येणं हे वेगळं काम आहे, आणि त्यासाठी पगार देणारा वेगळा मालक लागतो.

एफ० निघाली त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी एफ३डीएम काढली, प्लगला लावून चार्ज होणारी आणि पेट्रोलवरही चालणारी. त्याच्या तीनच महिने आधी अमेरिकेतल्या बड्या गुंतवणूकदाराच्या, वॉरन बफेच्या, कंपनीनं सुमारे २३ कोटी डॉलरला बीवायडीचा दहाएक टक्के हिस्सा घेण्याचं ठरवलं होतं. नंतरचं वर्तमानपत्रात येऊन गेलंय, मी पाल्हाळ लावत नाही. मार्च २०२० ला ब्लेड बॅटरी आली. लांब, चपटी, लोहाच्या फॉस्फेटची. तिच्यात आरपार खिळा ठोकून दाखवला, आग लागली नाही. ऑगस्ट २०२१ ला याच बॅटरीवरची डॉल्फिन आली, पाच दारांची हॅचबॅक, चीनमधली लांबी ४१२५ मिलिमीटर. आमची आठशे साडेतीन मीटरच्याही आत. पण डॉल्फिनची दोन चाकांमधली लांबी २७०० मिलिमीटर! पुढं इंजिन नसलं की चाकं कोपऱ्यात ढकलता येतात, ही गोष्ट मला फोटो पाहून कळली, वाचून नाही. मार्च २०२२ पासून त्यांनी नुसत्या पेट्रोलवर चालणारी गाडी बनवणंच बंद केलं. २०२४ साली त्यांच्या ४२ लाखांहून जास्त गाड्या खपल्या.

आणि दोन्ही बहिणींच्या माहेरचं काय? चिनी गिऱ्हाइकाला मोठ्या गाड्यांचा नाद लागला, सुझुकीच्या छोट्या गाड्या मागे पडल्या आणि २०१८ ला सुझुकीनं चांगआनमधला वाटा विकून चीन सोडला. आपल्याकडं आठशे जानेवारी २०१४ ला बंद झाली, पण सुझुकी इथं घट्ट बसली आहे. एक बहीण घरातल्या सगळ्यांच्या प्रेमात म्हातारी होऊन गेली. दुसरी कुणाच्या लक्षातही नाही, पण तिच्या नावावरचा सातबारा आज केवढ्याला गेला पाहा.

डॉल्फिन आपल्याकडं विकत नाहीत. चिनी पैसा इथं यायचा तर सरकारची परवानगी हवी, अशी अट २०२० ला आली, त्यामुळं दारव्ह्याच्या रस्त्यावर ती कधी दिसेल याची मी वाट पाहत बसलो नाही.

परवा डॉक्टर पुन्हा आले. या वेळी पंक्चर नव्हतं, मागच्या टायरला बाजूनं दगडाची चीर गेली होती. तिथं वात चालत नाही. तालुक्याच्या दुकानात त्या मापाचा टायर नव्हता, यवतमाळहून मागवायला दोन दिवस.

ते म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही त्या दिवशी आठशेचं माप म्हणाला होता ना?"

मी कडुनिंबाकडं पाहिलं. माझ्या गाडीचा टायर, नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक. दोन दिवसांपुरता म्हणून चढवून दिला, हवा डॉक्टरांच्या पुस्तकात बघून भरली. गाडी आवाज न करता निघून गेली. पोरानं खडूनं खांबावर लिहून ठेवलं : डॉक्टर, टायर १, वापस आनाचा हाय.