घंटीविना तमालपाइस

भाच्याने सायकलची घंटी आदल्या रात्रीच काढून ठेवली होती. "मामा, खडीवर ती सारखी खुळखुळते, डोक्यात जाते. आणि इथे घंटी वाजवतंय कोण? ‘ऑन युअर लेफ्ट’ म्हणायचं, म्हणजे तुमच्या डावीकडून पुढे जातोय. लोक बाजूला होतात." पुण्यात माझी चाळीस वर्षं सायकलवर गेली. तिथे घंटीने कोणी हलत नाही, हॉर्नने हलत नाही, आणि इथे नुसत्या तीन शब्दांवर हलतात म्हणे! पण सायकल त्याची, घर ताईचं, मी पाहुणा. गप्प बसलो.

सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडून सॉसालिटोमार्गे मिल व्हॅलीला पोचलो. पुलावरचा वारा आणि सेल्फीवाले यांच्याबद्दल काही लिहीत नाही, त्रास होतो.

सायकल ग्रॅव्हल बाइक होती. हँडल रोड बाइकसारखं खाली वळलेलं, पण टायर चांगले चाळीस मिलिमीटरचे, आणि हवा इतकी कमी की अंगठा दाबला तर आत जावा. सिंहगडाला निघताना मी टायर दगडासारखे टणक करतो, त्यामुळे मला सारखं वाटत होतं की पंक्चर आहे. "असू दे मामा, खडीवर कळेल," भाचा म्हणाला. ते मात्र खरं निघालं. पहिल्या अर्ध्या तासातच कळलं, की हादरे टायर खातोय, माझी कंबर नाही.

आमचा रस्ता म्हणजे ओल्ड रेलरोड ग्रेड. माउंट तमालपाइसच्या माथ्यावर 1896 मध्ये आगगाडी नेली होती, तिचाच हा मार्ग. साधारण आठ मैलांच्या त्या रुळाला 281 वळणं होती. जगातली सगळ्यात वाकडीतिकडी रेल्वे अशी ती जाहिरात करायची. 1929 मध्ये डोंगराला मोठी आग लागली, मोटारींनी प्रवासी आधीच पळवले होते, 1930 मध्ये रूळ उखडले. राहिला तो हा खडीमातीचा रस्ता. वाफेच्या इंजिनाला झेपावा म्हणून चढ सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास राखलेला. माझ्या गुडघ्यांनाही तेवढाच झेपतो. सिंहगडासारखं मध्येच तोंडावर आदळणं नाही. एक गिअर लावायचा आणि मोजत बसायचं.

मी मात्र वळणं मोजायच्या ऐवजी माथेरानमध्ये होतो. नेरळहून निघालेली मिनी ट्रेन, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, खिडकीतून बाहेर हात काढला म्हणून आईने दिलेली चापट. ती गाडी 1907 ची, म्हणजे या डोंगरावरच्या गाडीची धाकटी बहीणच. इथे डबल बो नॉट नावाच्या जागी रूळ एवढ्याशा उतारावर स्वतःशीच पाच पदरी समांतर धावायचा. तिथे वरच्या पट्टीवरून जाणाऱ्या भाच्याला मी खालच्या पट्टीवरून हाक मारली. त्याने चहा घेणार का विचारावं तसं विचारलं, "दमलास?" त्याआधी मध्ये एक तुकडा बंगल्यांमधून जाणाऱ्या डांबरी रस्त्याचा आहे, तो खडा आहे. तिथे मी उतरून सायकल ढकलली. भाच्याने फोटो काढला, तो माझ्याकडे नाही.

खाली रेडवूडची गार सावली, वर लाल सालीची मॅन्झनिटाची झुडपं. पण मधल्या एका ओढ्यापाशी वास आला आणि मी ब्रेक दाबला. पुलावाच्या फोडणीचा वास! एक पान चुरगळलं. कॅलिफोर्नियाचं बे लॉरेल, आपल्या तमालपत्राच्या लांबच्या नात्यातलं, वास मात्र दुप्पट उग्र. तमालपाइसवर तमालपत्र, म्हटलं जुळलं की! प्रत्यक्षात काही जुळत नाही. डोंगराचं नाव इथल्या मूळच्या कोस्ट मिवॉक लोकांच्या भाषेतलं आहे. तरी मी दोन पानं खिशात टाकली.

वेस्ट पॉइंट इन हे 1904 मध्ये रेल्वेनेच बांधलेलं लाकडी विश्रामगृह. गाडी इथवर यायची आणि इथून प्रवासी घोडागाडीने समुद्राकडे बोलिनासला जायचे. अजूनही इथे मोटारीने येता येत नाही. पायी या नाहीतर सायकलने. व्हरांड्यात बसलं की खाली अख्खा उपसागर आणि पलीकडे सॅन फ्रान्सिस्को. ताईने दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या इथे काढल्या. शेजारच्या बाकावरचे लोक पाकिटातून पिळून कसलंसं जेल खात होते. मला त्यांची खरंच दया आली.

ईस्ट पीक म्हणजे तमालपाइसचं शिखर, स्टेट पार्कातलं, उंची 2,571 फूट. सिंहगड समुद्रसपाटीपासून याच्या दीडपटीहून उंच आहे, पण इथे चढाई खाडीच्या पाण्यापासून सुरू होते, त्यामुळे फुशारकी मारायला जागा उरत नाही. शेवटचा टप्पा पायी. खाली एका छोट्या शेडमध्ये ‘ग्रॅव्हिटी कार’ची प्रतिकृती ठेवली आहे. लोक त्या उघड्या डब्यात बसायचे, इंजिन नाही, ब्रेकवर एक माणूस, आणि नुसत्या उताराने खाली मिल व्हॅलीपर्यंत. ते बघून आमच्याही डोक्यात उतार शिरला असावा.

परत वेस्ट पॉइंटला आलो आणि तिथून पँटोल या रेंजर-चौकीच्या बाजूला निघालो, त्याच जुन्या घोडागाडीच्या रस्त्याने. ओल्ड स्टेज रोड. सौम्य उतार, छान दाबलेली खडी. भाचा पुढे दिसेनासा झाला. सायकलला इथे ताशी 15 मैलांची मर्यादा आहे, आंधळ्या वळणावर 5. पाट्या वाचल्या होत्या मी.

एका वळणावर पुढे एक बाई चालत होत्या. सत्तरीच्या पुढच्या, बारीक चणीच्या, हातात दोन काठ्या. मी शिकवल्याप्रमाणे खणखणीत म्हणालो, "ऑन युअर लेफ्ट!" आणि बाई डावीकडे सरकल्या. बरोबर माझ्या चाकासमोर. मी दोन्ही ब्रेक दाबले, मागचं चाक खडीवर सरकलं, आणि मी डोंगराच्या बाजूच्या चरात आडवा. सायकल माझ्या अंगावर, मागचं चाक अजून टिकटिक फिरत होतं. तळहातात खडीचे तीन कण रुतले होते.

बाईंचा एक हात दरडीवर टेकलेला होता. त्यांनी आधी मला लागलं का विचारलं. नाही म्हटल्यावर मग सुरुवात केली. आवाज अजिबात चढवला नाही, त्याचाच जास्त त्रास झाला.

"तुम्ही लेफ्ट म्हणालात. लेफ्ट ऐकलं की मी लेफ्टला जाते. तुम्ही तिकडून येताय की मी तिकडे जायचंय, हे कळायला मला दोन सेकंद लागतात. तुम्ही सगळे एक देता."

मी सॉरी म्हणालो. पण त्यालाच जोडून हेही म्हणालो, की इथे असंच म्हणतात ना?

"नुसतं हॅलो म्हणायला काय होतं?" एवढं म्हणून त्यांनी टोपी नीट केली आणि काठ्या टेकत निघाल्या.

पुढचा रस्ता मी चालण्याच्या वेगाने उतरलो. प्रत्येक वळणाआधी हॅलो म्हणायचं ठरवलं, पण समोर कोणी नसताना हॅलो म्हणणं फार विचित्र वाटतं, चुकीचा नंबर लागल्यासारखं. तिसऱ्या वळणावर तोंडातून आपोआप निघालं, "ज्ञानोबा माउली तुकाराम!" वारीत कितीही गर्दी असली तरी त्या गजराने माणूस मागे बघतो आणि वाट देतो. इथेही चाललं. एक बाप आणि दोन मुलं रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि चक्क हात हलवले. पँटोलपर्यंत मी ठणाणा करतच गेलो. तिथे भाचा पाण्याची बाटली भरत होता. "मामा, तूच होतास ना तो? मला वाटलं कोणाचा तरी स्पीकर आहे."

त्याला सगळं सांगितलं. मी कसं वेळेवर ओरडलो, बाई कशा उलट सरकल्या, मी त्यांना वाचवायला कसा चरात गेलो. डांबरी रस्त्याने मिल व्हॅलीला उतरल्यावर एका दुकानातून बारा डॉलरची पितळी घंटी घेतली. पुण्यात बारा डॉलरमध्ये घंटी, बास्केट आणि वर चहा झाला असता.

रात्री ताईलाही हीच हकिगत सांगितली, आणखी थोडी रंगवून. भाचा फोनवर दिवसभराची नोंद बघत होता. "मामा, त्या वळणाच्या जरा आधी तू ताशी सत्तावीस किलोमीटरवर होतास," तो म्हणाला. पंधरा मैल म्हणजे चोवीस, आणि वळणावर पाच म्हणजे आठ. हिशेब मी मनातच केला, मोठ्याने नाही केला.

ताई वरण वाढत होती. "आणि त्या बाईंना काही लागलं नाही ना रे?"

दरडीवर टेकलेला तो हात डोळ्यांपुढे आला. त्यांनी मला विचारलं होतं. मी त्यांना विचारलंच नव्हतं.