साथीच्या काळात मदतीला कोण येते

मोठी साथ आली की दोन प्रकारच्या बातम्या शेजारी शेजारी छापून येतात. एकीत कोणी आजारी शेजाऱ्याला दार बंद केलेले असते, तर दुसरीत कोणी अनोळखी माणूस रात्री-अपरात्री औषध पोचवत असतो. पहिली वाचून आपण माणुसकी संपली असे म्हणतो आणि दुसरी वाचून ती अजून शिल्लक असल्याचे समाधान मानतो. मला हा हिशेब अपुरा वाटतो. मदतीची इच्छा बहुतेकांच्या मनात असतेच. ती कोणत्या परिस्थितीत कृतीत उतरते आणि कोणत्या परिस्थितीत मनातच विरून जाते, हे पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

मार्च २०२० मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने अडीच लाख स्वयंसेवकांसाठी आवाहन केले. काही दिवसांतच साडेसात लाखांच्या आसपास लोकांनी नावे नोंदवली आणि नवी नोंदणी थांबवावी लागली. मात्र त्यांपैकी अनेकांना सुरुवातीच्या आठवड्यांत एकही काम मिळाले नाही. गरज असलेल्या माणसाने ती कोणाला तरी कळवायची, कोणीतरी ती तपासायची आणि मग जवळच्या स्वयंसेवकाकडे सोपवायची, ही साखळी उभी राहायला वेळ लागतो. नाव नोंदवायला मात्र काही मिनिटे पुरतात. त्याच काळात एकेका गल्लीतल्या आणि इमारतीतल्या लोकांनी आपापसांत छोटे गट केले आणि तिथे कामे लवकर सुरू झाली, कारण कोणाच्या घरी कोण एकटे आहे हे तिथे आधीच माहीत होते.

पूर किंवा भूकंप यांच्यापेक्षा साथ एका बाबतीत फार वेगळी असते. ढिगाऱ्याखालून माणूस काढणाऱ्याला त्या माणसापासून धोका नसतो. साथीत मात्र ज्याला हात द्यायचा, त्याच्याच श्वासातून किंवा स्पर्शातून आजार येण्याची शक्यता असते. इसवी सनापूर्वी ४३० मध्ये अथेन्समध्ये आलेल्या साथीचे वर्णन थ्युसिडिडीस या इतिहासकाराने केले आहे. त्याला स्वतःला तो आजार होऊन गेला होता. तो लिहितो की भीतीमुळे लोक एकमेकांकडे जाईनासे झाले आणि शुश्रूषेअभावी घरेच्या घरे ओस पडली. आणि ज्यांना मित्राला टाकून देणे लाजिरवाणे वाटले, ते भेटायला गेले आणि मृत्युमुखी पडले. आजाऱ्यांविषयी सर्वाधिक कळवळा कोणी दाखवला, याची नोंदही त्याने केली आहे. आजारातून उठलेल्यांनी तो दाखवला, कारण दुखणे काय असते हे त्यांना ठाऊक होते आणि तोच आजार पुन्हा जीवघेणा होत नाही हे दिसल्यामुळे त्यांना स्वतःची भीती उरली नव्हती.

सुमारे अडीच हजार वर्षांनंतर हेच पुन्हा दिसले. २०१४ ते २०१६ या काळात पश्चिम आफ्रिकेत इबोलाची २८ हजारांहून अधिक माणसांना लागण झाली आणि ११ हजारांहून अधिक दगावली. आईवडील आजारी असलेल्या किंवा गमावलेल्या लहान मुलांना जवळ घेणे इतरांना धोक्याचे होते, तेव्हा इबोलातून बरे झालेल्यांनी त्या मुलांना सांभाळले. यातल्या अनेकांना त्यांच्याच वस्तीने दूर ठेवले होते, तरीही ते या कामाला आले. माझ्या समजुतीप्रमाणे यात मनाच्या मोठेपणाबरोबर सुरक्षिततेचाही वाटा आहे. धैर्य सर्वांकडे सारखे नसते, आणि ते नसल्याबद्दल कोणाला दोष देण्यापेक्षा धोका कमी करणे शक्य असते. ज्याला मास्क, हातमोजे, लस आणि थोडे प्रशिक्षण मिळाले आहे, तो माणूस मदतीला येण्याची शक्यता वाढते.

काही वेळा मदत म्हणजे जवळ जाणे नसून जागेवर थांबणे असते. इंग्लंडमधल्या ईम या गावात १६६५ मध्ये प्लेग आला. पुढच्या वर्षी तिथल्या धर्मगुरूंच्या सांगण्यावरून गावकऱ्यांनी गावाची हद्द न ओलांडण्याचे ठरवले, असा इतिहास सांगितला जातो. गावातली सुमारे २६० माणसे मरण पावली. या कथेत गावाच्या त्यागाबद्दल नेहमी बोलले जाते, पण मला हद्दीबाहेरची माणसेही तितकीच महत्त्वाची वाटतात. ती ठरलेल्या दगडापाशी अन्नधान्य ठेवून जात आणि गावकरी व्हिनेगरमध्ये बुडवलेली नाणी तिथे ठेवत. घरात थांबा, असे ज्याला सांगितले जाते, त्याच्या दाराशी वस्तू पोचवणारे कोणी नसेल, तर त्याच्याकडून थांबण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरते.

मदत मागणे हेही अवघड काम आहे. कोविडच्या काळात एकट्या राहणाऱ्या वृद्धांना फोन करण्याचे काम मी काही काळ केले. "काही लागले तर सांगा" असे म्हटले की जवळजवळ प्रत्येक जण "नाही, सगळे ठीक आहे" असे उत्तर देत असे. "उद्या सकाळी मी औषधे आणायला जाणार आहे, तुमची चिठ्ठी मला पाठवता का?" असे विचारले की चिठ्ठी येत असे आणि तिच्याबरोबर इतर दोन-चार गरजाही बाहेर पडत. मानसशास्त्रातल्या प्रयोगांतही वारंवार आढळले आहे की मदत मागणारा माणूस समोरच्याकडून होकार मिळण्याची शक्यता प्रत्यक्षापेक्षा कमी धरतो. म्हणून मागण्याचा भार गरजवंतावर टाकून थांबणे मला पुरेसे वाटत नाही.

इच्छेला योग्य दिशाही लागते. कोविडमधून बरे झालेल्या असंख्य लोकांनी प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, रुग्णांसाठी दिला, कारण त्यामुळे दुसऱ्याचा जीव वाचेल असे त्यांना सांगितले गेले होते. ब्रिटनमधल्या रिकव्हरी या मोठ्या चाचणीतून २०२१ मध्ये दिसले की रुग्णालयात दाखल झालेल्यांचे मृत्यू त्यामुळे कमी होत नाहीत. मात्र हे समजले तेही हजारो रुग्ण स्वतःच्या आजारपणात त्या चाचणीत सहभागी झाले म्हणूनच. फायझर आणि बायोएनटेक यांच्या लसीच्या मुख्य चाचणीत ४३ हजारांहून अधिक लोक होते आणि त्यांपैकी निम्म्यांना लसीऐवजी नुसते मिठाचे पाणी टोचले गेले. आपल्याला काय मिळाले हे माहीत नसताना त्यांनी दंड पुढे केला. या लोकांची फारशी आठवण काढली जात नाही, याचे मला वाईट वाटते.

आणि घेणाऱ्याला मान्य नसेल, तर चांगल्या हेतूने केलेली मदतही नाकारली जाते. इबोलाने मेलेल्यांच्या शरीरातून संसर्ग पसरत असल्यामुळे सुरुवातीला संरक्षक पोशाखातली अनोळखी माणसे प्रेत पिशवीत घालून नेत आणि कुटुंबाला निरोपही घेता येत नसे. लोक मृत्यू लपवू लागले. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०१४ मध्ये नवी पद्धत जाहीर केली, तिच्यात कुटुंबाला आणि धर्मगुरूंना सुरक्षित अंतर राखून विधीत स्थान दिले गेले. हे दफन करणारे रेड क्रॉसचे स्वयंसेवक बहुतेक त्याच परिसरातले होते आणि या कामामुळे त्यांच्यातल्या कित्येकांना घरच्यांनी दूर केले.

मदत करणाऱ्याला मोजावी लागणारी किंमत आपण फार लवकर विसरतो. पुण्यातल्या प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. कोविडच्या पहिल्या दीड वर्षात, म्हणजे मे २०२१ पर्यंत, जगभरात सुमारे १ लाख १५ हजार आरोग्य कर्मचारी मरण पावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ज्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या, त्यांच्यातल्या काहींना घरमालकांनी जागा सोडायलाही सांगितले. पुढच्या साथीत स्वयंसेवकांची यादी केली जाईल, तेव्हा प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे: त्याला लस मिळाली आहे का, त्याच्या घरी कोणी वृद्ध किंवा आजारी आहे का, आणि तो स्वतः आजारी पडला तर त्याच्याकडे कोण जाणार आहे.