आमची वाटचाल : एका पानाचा धंदा

2008 साली नागपूरच्या धरमपेठेतल्या एका तळघरात एक कॉम्प्युटर, एक 1020 लेझर प्रिंटर आणि दोन भागीदार, असं आमचं रिझ्युमे करून देण्याचं दुकान सुरू झालं. व्हीएनआयटी या इंजिनीअरिंग कॉलेजची पोरं (आम्ही जुने लोक अजून जुन्या नावानं व्हीआरसीईच म्हणतो) कॅम्पस भरतीच्या हंगामात रात्री अकरापर्यंत बसायची. दहाएक वर्षं बरी गेली.

मग भागीदार रस्त्यापलीकडे पहिल्या मजल्यावर गेला. जाताना माझे सगळे नमुने पेन ड्राइव्हमध्ये घेऊन. तिथे दोन रकान्यांचे रंगीत रिझ्युमे, फोटो आणि 'सी प्लस प्लस : चार तारे'. पाचवा तारा कुठे राहिला, असं मुलाखतीत कोणी विचारलं तर पोरगं काय सांगणार? शिवाय कंपन्यांची रिझ्युमे चाळणारी काही सॉफ्टवेअर दोन रकाने आडवे वाचतात. मार्कांत छंद मिसळतात. माझी कसोटी फुकटची आहे : पीडीएफमधला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. तिथे गोंधळ दिसला तर पाठवू नका.

2014 ची एक मेकॅनिकलची मुलगी आठवते. 'हार्डवर्किंग, टीम प्लेअर' लिहून आणलं होतं. म्हटलं, बाई, कोराडीच्या वीज केंद्रात ट्रेनिंगला गेली होतीस ना, हातानं काय केलंस ते सांग. तासाभरानं निघालं : कोळशाच्या कन्व्हेअरच्या बेअरिंगचं तापमान रोज दोनदा घेऊन 30 दिवसांचा तक्ता केला होता. तीच ओळ सगळ्यांत वर घेतली. एक बॅकलॉग, म्हणजे राहिलेला विषय होता, तोही लपवला नाही. कोणत्या सेमिस्टरला सुटला ते लिहिलं. लागली पोरगी.

23 सप्टेंबर 2023. रात्रीतून शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरादारांत शिरली. माझ्या तळघरात छातीइतकं पाणी. यूपीएस गेला, बॉण्ड पेपरची रिमं लगदा झाली, आणि हंगाम ऐन भरात. समोरचा जुना भागीदार कोरडा ठाक. साधं 'काय झालं बे' म्हणायलाही उतरला नाही.

फोन आला तो त्या मुलीचा, पुण्याहून. 'काका, हंगाम सोडू नका.' तिसऱ्या दिवशी ट्रॅव्हल्सनं तिचा जुना लॅपटॉप आला. 1020 उघडून, पुसून, आठवडाभर उन्हात ठेवला. चालतो अजून, उजव्या कोपऱ्यात थोडी काळी रेघ येते.

परवा समोरच्याकडचाच एक पोरगा आला. 'काका, रिझ्युमे टाकला की कंपनीच्या फॉर्ममध्ये माझं नावच येत नाही.' नोटपॅड उघडून दाखवलं : नावाच्या जागी 'क्रिकेट'. नवं एका पानाचं करून दिलं. पैसे पूर्ण घेतले.