हवा ऱ्हाती कशात?

"ट्यूब न्हाई म्हणतोस, मग हवा ऱ्हाती कशात?"

गॅलरीत जुनी वर्तमानपत्रं पसरून मी सायकलचं मागचं चाक मांडीवर घेऊन बसलो होतो आणि अण्णा दारात खुर्ची टाकून माझ्याकडे बघत होते. प्रश्न साधा होता. पण त्या घडीला हवा कशातच राहत नव्हती, म्हणून मी गप्प. मी जिवाच्या आकांतानं पंप मारत होतो आणि आत गेलेली हवा टायर-रिमच्या फटीतून चारी बाजूंनी फुसफुसत बाहेर येत होती. पंपावरचा काटा शून्यावर ठाण मांडून बसला होता.

अण्णांची अख्खी नोकरी एसटीच्या डेपोत गेली, त्यातली शेवटची वर्षं टायर सेक्शनला. एकट्यानं उचलू नये असले टायर त्यांनी आयुष्यभर उलटेपालटे केले. अशा माणसासमोर सायकलच्या टायरात हवा भरता न येणं म्हणजे आचाऱ्यासमोर चहा उतू घालवण्यासारखं.

मुळात हे झंगट मी मागे लावून घेतलं ते काट्यांमुळे. रविवारी पहाटे वेताळ टेकडीवर सायकल घेऊन जायचं आणि उन्हं चढल्यावर ती ढकलत खाली आणायची, असा माझा व्यायाम चालला होता. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची गर्दी दिसते, पण वाटेच्या कडेला बाभूळ, हिवर, बोर टिकून आहेत आणि आपण टिकून आहोत हे ते चाकाला नेमानं कळवतात. एका सकाळी तीन पंक्चर झाले. ट्यूब एक, ठिगळं दोन, तिसऱ्या काट्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बरोबरचा पोरगा, वयानं माझ्या निम्मा, म्हणाला, "काका, ट्यूबलेस करा ना."

आमच्या लहानपणी पंक्चर हा सार्वजनिक कार्यक्रम असायचा. लिंबाखालचं दुकान, टांगलेले टायर, घमेल्यात काळपट पाणी. दुकानदार ट्यूब फुगवून थोडी थोडी पाण्यात बुडवत जायचा आणि आम्ही चार-पाच पोरं घमेल्यावर वाकून बुडबुड्यांची वाट बघायचो. "आला, आला!" मग कानशीनं घासायचं, सोल्यूशन लावून फुंकर घालायची, ठिगळ चिकटवून वर हातोडीचे दोन ठोके. त्यानंतर टायरच्या आतून बोट फिरवून तो काटा शोधायचा आणि तळहातावर ठेवून आपल्याला दाखवायचा. दाखवला नाही तर पंक्चर काढल्यासारखं वाटायचंच नाही. हवा नुसतीच गळत असली तर दोष वॉलच्या रबरी नळीचा. तिचा बोटभर तुकडा मी कंपासपेटीत ठेवत असे, करकटकाच्या शेजारी.

ट्यूबलेसमध्ये ही सगळी आतली मंडळी गायब होतात. डनलॉपसाहेबानं १८८७-८८ च्या सुमारास बेलफास्टला मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचं टायर केलं, तेव्हापासून सायकलच्या चाकात हवा धरायला वेगळी रबरी पिशवी असणार हे आपण गृहीत धरलेलं. डोंगरी सायकलींसाठी बिनट्यूबची रीतसर जोडी १९९९ मध्ये माविक, हचिन्सन आणि मिशलँ या फ्रेंच कंपन्यांनी मिळून आणली. तोवर मोटारींमध्ये ती जुनी झाली होती. आता तर आपल्या स्कूटरलाही असते, पण स्कूटरचं टायर दुकानातल्या मशीनवर चढतं. सायकलचं आपण गॅलरीत चढवू बघतो, तिथं घोळ होतो.

घोळ कुठे होतो तेही सांगतो, कारण अण्णांना सांगताना तो मला पहिल्यांदा नीट कळला. रिम आडवी कापून पाहिली तर तिच्या मध्यभागी एक खोलगट घळ असते आणि दोन्ही बाजूंना वर बसण्याजोगे दोन ओटे. टायरच्या कडेला बीड म्हणतात (जिल्ह्याशी संबंध नाही). ही कड ताणली जात नाही. त्यामुळे टायर चढवायचं तर ती घळीत सरकवावी लागते, तरच समोरच्या बाजूला ढील मिळते. पण हवा धरायची तर तीच कड घळीतून उठून दोन्ही अंगांना ओट्यावर घट्ट बसायला हवी. तिला तिथवर ढकलणार कोण? हवा. आणि हवा आत ठरणार कधी? कड ओट्यावर बसल्यावर.

"म्हंजे नोकरी मिळायला अनुभव पायजे आणि अनुभवाला नोकरी," अण्णा म्हणाले.

हा पेच सुटतो तो झपाट्यानं. जेवढी हवा फटीतून निसटते, तिच्यापेक्षा जास्त हवा एकदम आत घुसली तरच कड उचलली जाते. कॉम्प्रेसर असेल तर दोन सेकंदांचं काम. माझ्याकडे होता पायाशी धरून दोन्ही हातांनी मारायचा उभा पंप आणि सत्तेचाळीस वर्षांचे खांदे. वॉलच्या आतला बारीक गाभा पिळून काढला की नळीचं भोक मोठं होतं आणि हवा जास्त वेगानं जाते, म्हणून तो काढला. काटा दोनपर्यंत गेला, परत आला. जुन्या सॅकचा पट्टा टायरच्या घेरावर बांधून आवळला, म्हणजे टायरचं पोट दबतं आणि कडा बाहेर सरकतात. काटा पाचवर गेला आणि पट्ट्याचं बक्कल तुटलं.

"साबण लावलास?"

लावला नव्हता. भांडी घासायच्या साबणाचं पाणी अण्णांनी स्वतः केलं, जुन्या दाढीच्या ब्रशनं दोन्ही कडांना फिरवलं आणि तेवढ्या वेळात ट्रकच्या जुन्या रिमांची गोष्ट सांगितली. त्या रिमांना एका बाजूनं लोखंडी कडं असायचं, त्याच्या आधारावर टायर बसायचं. ते नीट बसलं नसेल आणि हवा भरली, तर कडं तोफगोळ्यासारखं सुटायचं. म्हणून चाक पिंजऱ्यात ठेवायचं आणि भरणाऱ्यानं बाजूला उभं राहायचं. "तोंड मागं घे," ते म्हणाले. "हवा दिसत न्हाई म्हणून लोक तिला हलकी समजत्यात." मी टायरच्या अंगावर छापलेला आकडा त्यांना वाचून दाखवला, कमाल ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). एसटीच्या बसपुढे ही हवा कसली, पण त्यांनी खुर्ची दोन फूट मागं घेतली.

साबणानंही भागलं नाही. नवं टायर तीन घड्या घालून खोक्यातून आलेलं, त्याच्या अंगात ती घडी अजून होती. दोन ठिकाणी ते पोट आत ओढून बसलं होतं. मग रात्री शेवटचा उपाय केला. चाकात साधी ट्यूब घातली, हवा भरली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाक उन्हात टांगून ठेवलं, म्हणजे टायर आपला आकार धरतं.

बायको कपडे वाळत घालायला आली. "ही ट्यूब ना?"

"हो."

"ट्यूबलेस करण्यासाठी?"

"हो."

तिनं आणखी काही विचारलं नाही. हे जास्त लागतं.

यात युक्ती अशी की, नंतर हवा सोडून टायरची एकच बाजू सोडवायची, ट्यूब तिकडून ओढून काढायची आणि दुसरी बाजू ओट्यावर बसलेली तशीच राहू द्यायची. आता फट निम्मी. ट्यूबलेसचा वॉल लावला, आरे येतात ती भोकं झाकणारी टेप पुन्हा बोटानं दाबून घेतली. माझ्या रिमला बत्तीस आरे, म्हणजे टेप कुठे उचलली गेली तर हवेला पळायला बत्तीस वाटा. साबण लावला. पंप मारायला सुरुवात केली. पाच, आठ, बारा... आणि ठाक्! भरलेल्या डब्याचं घट्ट झाकण बसावं तसा आवाज, फक्त दसपट मोठा. मी दचकलो, पण मारत राहिलो. ठाक्! ठाक्! कड तुकड्यातुकड्यानं उंबरठा ओलांडून ओट्यावर चढत होती. पंचविसाच्या आसपास शेवटचा ठोका पडला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर बघून विचारलं, "काही फुटलं का?" अण्णांनी कठड्यावरून ओणवं होऊन उत्तर दिलं, "न्हाई, बसलं."

मग चीक. इंग्रजीत त्याला काहीही म्हणोत, बाटलीतून दुधासारखं बाहेर येणारं, अमोनियाच्या वासाचं ते रबराचं पाणी म्हणजे आपला चीकच. टायरच्या आत तो खुळखुळत राहतो. काटा घुसला की हवा त्याला भोकाकडे ओढून नेते, आणि त्यातले बारीक तंतू नि कण भोकात अडकून तिथंच गोठतात. रुईचं पान तोडल्यावर देठाशी जे होतं, साधारण तेच. हवा सोडून वॉलचा गाभा पुन्हा काढला (बसलेल्या कडा जागच्या हलल्या नाहीत) आणि सिरिंजनं ११० मिली आत सोडला. निम्मा मावला चाकात आणि निम्मा माझ्या मनगटापर्यंत, असं मला वाटलं. बायको माहेरची रत्नागिरीची. तिनं लांबूनच खोबरेल तेलाची बाटली सरकवली. "फणस कापायला बसताना आधी तेल लावतात. नंतर नाही."

परत हवा भरून चाक हलवलं, एका कुशीवर पाच मिनिटं, दुसऱ्या कुशीवर पाच मिनिटं. टायरच्या अंगावर पांढरे बारीक ठिपके उमटले आणि फसफस थांबली. सकाळी उठून आधी गॅलरीत गेलो, अंगठ्यानं दाबून पाहिलं. अण्णा माझ्याआधी दाबून गेले होते.

त्यानंतरचं सांगण्यासारखं फार नाही, कारण घडलंच नाही काही. पुढच्या चाकात २२, मागच्यात २४ पीएसआय. ट्यूब असताना एवढ्या कमी हवेवर दगड लागला की ट्यूब रिमवर चेचली जायची आणि सापाच्या दातांसारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडायची. आता टायर दगडाला धरून चालतं. कधी उतारावर मागून 'स्स' असा आवाज येतो, पोटऱ्यांवर दोन थेंब उडतात, आणि आवाज बंद. लक्षात आलं तर आलं. एकच सुनं वाटतं, काटा कोण दाखवणार?

चीक उष्णतेनं वाळतो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तो काही महिन्यांतच संपतो, हे मला सहा महिन्यांनी टायर उघडल्यावर समजलं. आत दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा बसला होता. अण्णा तेव्हा पुन्हा आले होते. पापुद्रा सोलताना बोटाला काहीतरी टोचलं, मग आणखी एक. आम्ही टायर उजेडात उलटं केलं आणि पकडीनं एकेक ओढत गेलो. अकरा निघाले. अकरा पंक्चर, आणि मला आठवत होते फार तर दोन.

अण्णांनी चष्मा लावून ते वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले. "हे लांब, पांढरे, ही बाभूळ. हा वाकडा, बोरीचा. हा हिवर असंल." अकरावा त्यांनी बराच वेळ चिमटीत फिरवला. काळी, केसापेक्षा थोडी जाड, इंचभराची तार होती.

"ही टेकडीवरची न्हवं," ते म्हणाले. "हायवेला गेला हुतास काय? ही ट्रकच्या टायरातली तार हाय. टायर झिजलं की सुटती." मग ती त्यांनी काट्यांपासून वेगळी, कागदाच्या कोपऱ्यात ठेवली.