भंगारात गेलेले शंभर एमबी

मे महिन्यातली गोष्ट. कराडजवळच्या एका फोटो स्टुडिओतून सकाळी सव्वानऊला फोन आला. "दादा, मशीन चालू होईना. एका माणसाला दाखवलं, तो म्हणतोय विंडोज उडाली, फॉरमॅट मारावा लागेल. पण आत सगळा सीझन आहे हो."

लग्नसराईतले फोटोवाले कॅमेऱ्याची कार्डं रिकामी करून लगेच दुसऱ्या लग्नाला नेतात. म्हणजे एप्रिल-मेमधल्या सगळ्या लग्नांची एकुलती एक प्रत त्या मशीनमध्ये होती. मी एवढंच म्हणालो, "मशीन बंद ठेवा. मी येईपर्यंत कुणालाही हात लावू देऊ नका."

गेल्यावर आधी बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी येणारं मशीनचं सेटिंगचं पान, उघडलं. एसएसडी, म्हणजे मशीनमधली नवी वेगवान डिस्क, व्यवस्थित दिसत होती, नाव आणि क्षमतेसकट. पण बूटच्या, म्हणजे मशीन कशावरून उठवायचं त्या यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' ही ओळच नव्हती. डिस्क पूर्ण मेली असती तर ती बहुधा बायोसमध्ये दिसलीच नसती. इथे डिस्क जागेवर होती, तिच्यात शिरायची वाट नाहीशी झाली होती.

"अलीकडे आतलं काही काढलंत का?"

"जुनी एक टीबीची हार्ड डिस्क काढली. टकटक आवाज करत होती. रिकामीच होती. परवा भंगारवाल्याला दिली."

मग उलगडा झाला. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी या मशीनला एसएसडी बसवून तिच्यावर विंडोज टाकली होती आणि तेव्हा जुनी हार्ड डिस्क केबलला तशीच जोडलेली होती. अशा वेळी विंडोजचं सेटअप काय करतं, हे आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असायलाच हवं. एखाद्या डिस्कवर आधीचं ईएफआय सिस्टम पार्टिशन (बूटच्या फाइल्ससाठी राखलेला डिस्कचा छोटा भाग) सापडलं, तर बरेचदा ते नवीन करत न बसता बूटच्या फाइल्स त्यातच टाकतं. विंडोज नव्या डिस्कवर, तिला उठवणारा भाग जुन्या डिस्कवर. चालतं ते वर्षानुवर्षं, काहीच जाणवत नाही.

आणि जाणवणार तरी कसं? हे पार्टिशन साधारण 100 एमबीचं, फॅट32 फॉरमॅटचं. विंडोज त्याला ड्राइव्हचं अक्षर देत नाही, त्यामुळे 'धिस पीसी'मध्ये ते दिसतच नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये निळी पट्टी दिसते, पण राइट क्लिक केलं तर डिलीट वगैरे काही करता येत नाही. हा बंदोबस्त मला पटतो, नाहीतर जागा वाढवायच्या नादात लोकांनी रोज ते उडवलं असतं. इंटेलच्या मॅकवरही असंच छोटं पार्टिशन असतं आणि तेही फाइंडरमध्ये दिसत नाही. लिनक्स मात्र ते बहुधा /बूट/ईएफआय या फोल्डरवर उघडपणे जोडतं. पण सॉफ्टवेअरमधून डिलीट होऊ न देणारी विंडोज केबल उपसणाऱ्या हाताला कशी थांबवणार?

दुरुस्तीला हात घालण्याआधी मी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन उठवलं, फोटोंचं पार्टिशन 'रीड ओन्ली' जोडलं आणि सगळं बाहेरच्या डिस्कवर घेतलं. दोनशे जीबीच्या वर होतं, पाऊण तास गेला. स्टुडिओवाले खुर्चीत बसले नाहीत, माझ्या मागेच उभे होते. स्क्रीनवर एका नवरीचा हळदीचा फोटो उघडून दाखवला, तेव्हा त्यांनी भिंतीला टेकून डोळे मिटले. प्रत हातात येईपर्यंत पार्टिशनला हात लावायचा नाही, हा माझा नियम आहे. गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

मग ती बाहेरची डिस्क काढून ठेवली, विंडोजचा पेनड्राइव्ह लावला, शिफ्ट-एफ10 दाबून काळी खिडकी उघडली आणि डिस्कपार्ट या डिस्कचे भाग हाताळणाऱ्या विंडोजच्या साधनात 'लिस्ट व्हॉल्यूम' दिलं. या टप्प्यावर मी दरवेळी हात आवरतो, कारण इथली अक्षरं घरची नसतात. सी, डी ही अक्षरं कोणती विंडोज चालू आहे त्यावर ठरतात. प्रत्येक विंडोज ही नोंद स्वतःच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगच्या वहीत, ठेवते आणि पेनड्राइव्हवरून उठलेली विंडोज स्वतःच्या हिशोबाने नवी वाटते. त्या दिवशी पेनड्राइव्हला सी मिळालं होतं, विंडोजला डी आणि फोटोंना ई. रोजच्या सवयीने 'डी म्हणजे डेटा' धरून चालणाऱ्याने इथे चुकीच्या भागावर घाव घातला असता. म्हणून मी अक्षर बघत नाही. आकार बघतो, मग आतली फोल्डरं उघडून खात्री करतो.

'लिस्ट डिस्क'मध्ये 447 जीबीच्या एसएसडीपुढे जीपीटीच्या (डिस्कची विभागणी लिहिण्याच्या नव्या पद्धतीच्या) रकान्यात चांदणी होती, म्हणजे डिस्कची पद्धत बदलून घ्यायची गरज नव्हती. विंडोजच्या भागातून 300 एमबी कापले आणि त्यात 260 एमबीचं ईएफआय पार्टिशन केलं. साध्या डिस्कला 100 पुरतात, पण 4के सेक्टरच्या (मोठ्या कप्प्यांत डेटा ठेवणाऱ्या) डिस्कवर फॅट32 ला 260 लागतात, म्हणून मी सगळीकडे तेवढंच ठेवतो. ते फॅट32 मध्ये फॉरमॅट करून एस अक्षर दिलं आणि बीसीडीबूट या बूट फाइल्स नव्याने मांडणाऱ्या कमांडला सांगितलं, की डी मधल्या विंडोजच्या बूट फाइल्स एस वर मांड. 'बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड' अशी एक ओळ आली.

पेनड्राइव्ह काढला, मशीन चालू केलं. निळी खिडकी, गोल फिरणारे ठिपके, मग त्यांचा नेहमीचा डेस्कटॉप. एक फाइल इकडची तिकडे झाली नव्हती. या मशीनला 'फॉरमॅट मारा' म्हणणाऱ्या माणसाचा मला अजून राग येतो. बायोसची यादी वाचायला दोन मिनिटं लागतात, आणि ती दोन मिनिटं न दिल्याने पन्नासेक घरांची लग्नं पुसली गेली असती.

बाहेरच्या डिस्कवरची प्रत मी स्टुडिओत ठेवू दिली नाही. "घरी न्या, कपाटात ठेवा," म्हटलं. निघताना मार्करने चिठ्ठी लिहून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवली: 'बूट एसएसडीवरच आहे. नवी विंडोज टाकताना बाकीच्या डिस्कच्या केबल काढा.' खाली तारीख घातली.