मागे बसलेल्याला विचारा

गाडी कोण कशी चालवतो, हे मागे बसलेल्या माणसाला विचारावं. आमच्या बेळगावात मागे बसतात ती बहुधा आई नाहीतर मावशी, दोन्ही पाय एका बाजूला आणि मांडीवर कुंद्याचा डबा. गिअर उतरवताना हिसका बसला की पाठीत बुक्की येते आणि वर "काय करूलास रे?" हिसका नाही बसला तर कौतुक म्हणून काही येत नाही. काम नीट झालं की ते झाल्याचं कळतच नाही, अशी ही कला आहे.

गिअर चढवणं सगळ्यांनाच जमतं. उतरवताना भानगड अशी, की चाक असतं त्याच वेगात, पण खालच्या गिअरात तेवढ्याच वेगाला इंजिनाला जास्त फेरे मारावे लागतात. आणि आपण तर क्लच दाबून रेस पार सोडून दिलेली. तशात क्लच फटकन सोडला, की मंदावलेल्या इंजिनाला पळवायचं काम मागच्या चाकावर येऊन पडतं. झोपेतल्या पोराला दंडाला धरून शाळेत न्यावं, तशातला प्रकार. म्हणून क्लच दाबलेला असतानाच मनगटानं एक छोटी रेस द्यायची, गिअर पाडायचा, क्लच सोडायचा. रेस किती, ते कानानं ठरवायचं. हे जमेस्तोवर क्लच हळू सोडला तरी भागतं. प्लेटा थोड्या जास्त झिजतील, झिजू देत. दोन गिअर मात्र एकदम पाडू नयेत.

याची खरी परीक्षा चोर्ला घाटात होते, त्यातून पावसाळ्यात. जांबोटी मागे पडते, कणकुंबी येते. तिथं उगम पावलेली मलप्रभा पूर्वेला निघते आणि आपण पश्चिमेला, गोव्याकडे उतरू लागतो. ओल्या वळणात गिअर आदळला तर मागचं चाक क्षणभर अडकून घसरतं, म्हणून जो काय गिअर पाडायचा तो वळणाच्या आधी. काही शहाणे पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर उतरतात. मग गाडी आवरून धरायला इंजिन उरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, घाट संपेपर्यंत ड्रम तापतो आणि ब्रेक धरेनासा होतो. हिशोबात हुशार माणसं ही!

जुन्या येझदीवाल्यांचं तंत्र आणखी वेगळं. म्हैसूरला १९९६ पर्यंत बनणाऱ्या त्या गाडीत किक आणि गिअर यांची दांडी एकच, आणि ती पायानं दाबली की क्लचही आपोआप दबायचा. टू-स्ट्रोकला इंजिनाचा ब्रेक असा फारसा लागतच नाही. शिवाय ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं. लांब उतारावर रेस बंद ठेवली तर पेट्रोलबरोबर ऑइलही तुटायचं आणि पिस्टन जाम व्हायची धास्ती. म्हणून ते लोक उतारावर मधूनमधून थोडी रेस द्यायचे. आता त्यांच्याकडे चार स्ट्रोकच्या गाड्या आहेत, ऑइल इंजिनाच्या पोटात वेगळं असतं, तरी चोर्ला उतरताना त्यातला एखादा उगाचच भर्रकन रेस देतो. मागे बसलेली बाई दचकते. तो म्हणतो, "असू दे की, सवय हाय."